पावलागणिक नोंद

"डॉक्टर, पाय टेकवू का?"

हाडांच्या दवाखान्यात हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. विचारणारा कधी डिलिव्हरीच्या दुचाकीवरून पडलेला तरुण असतो, कधी ट्रॅक्टरवरून घसरलेला शेतकरी, कधी न्हाणीघरात पाय निसटलेली आजी. शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने लोटलेले असतात. आत रॉड आहे किंवा प्लेट आहे, टाके केव्हाच निघालेत, दुखणंही उतरलंय. पण घरी बसून पगार बुडतोय, नाहीतर पेरणी तोंडावर आलीय. डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरतात, मोडलेल्या जागी अंगठ्यानं दाबून "इथं दुखतं?" असं विचारतात, मागच्या एक्स-रेशी ताडून बघतात आणि म्हणतात, "अजून तीन आठवडे थांबू. मग बघू."

त्या तीन आठवड्यांमागे अनुभव असतो आणि तो मोलाचा असतो. मोजमाप मात्र नसतं. रक्तदाब आकड्यात कळतो, साखर आकड्यात कळते. सांधत आलेलं हाड आज किती वजन पेलेल हे सांगणारा आकडा रोजच्या दवाखान्यात अजून नाही. तो मिळवायची खटपट जगातल्या काही प्रयोगशाळांत गेली पन्नास-साठ वर्षं चालू आहे. त्या खटपटीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा अलीकडचा आहे: हाडाच्या प्लेटवरच बसवलेला, बॅटरी नसलेला, रुग्णाच्या चालण्यातूनच लागेल तेवढी वीज घेणारा आणि ते चालणं स्वतःत नोंदवून ठेवणारा सेन्सर.

हाड सांधतं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. कातडीची जखम भरली की व्रण उरतो. हाड व्रण ठेवत नाही. ते पुन्हा हाडच होतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मऊ तंतुमय ऊती तयार होते, तिच्या जागी कूर्चा येते, कूर्चेत कॅल्शियम साठतं आणि घाईघाईनं रचलेलं कच्चं हाड उभं राहतं. पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त काळ, हे कच्चं हाड तासून-भरून मूळच्या घडणीवर आणायचं काम शरीर करत राहतं. मधल्या टप्प्यात मोडलेल्या टोकांभोवती जो फुगवटा येतो तो कॅलस. "कॅलस धरलाय" एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

या कामाला हालचाल लागते, पण बेताची. श्टेफान पेरेन या स्विस सर्जन-संशोधकानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस याचं गणित मांडलं. मोडीच्या फटीतली मऊ ऊती मूळ लांबीच्या दुप्पट ताणली गेली तरी तग धरते. कूर्चा साधारण १० टक्क्यांपर्यंत ताण सोसते. पक्कं हाड २ टक्क्यांच्या पुढे तुटतं. याचा अर्थ असा की फटीत हालचाल जास्त राहिली तर तिथं हाड बनूच शकत नाही, गाडी कूर्चेपाशी अडकते. आणि हालचाल जवळपास शून्य केली तर कॅलस धरत नाही. म्हणून पाय केव्हा टेकवायचा, किती टेकवायचा, हे सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. तिथं चूक झाली तर दोन्हीकडून नुकसान: घाई केली तर प्लेट वाकते किंवा मोडते, फार थांबलं तर स्नायू सुकतात, सांधा आखडतो, हाडही आळसावतं.

आता एक्स-रेचं बघू. एक्स-रे कॅल्शियम दाखवतो, ताकद दाखवत नाही. सुरुवातीचे काही आठवडे, जेव्हा फटीत सगळ्यात जास्त घडामोडी चालू असतात, तेव्हा चित्रात काळी रेघच दिसते. पुढे पांढरटपणा येतो, पण एकाच चित्रावरून दोन अनुभवी सर्जन वेगळं मत देऊ शकतात. हा फरक कमी व्हावा म्हणून २०१० मध्ये नडगीच्या हाडासाठी एक गुणपद्धत पुढे आली: हाडाच्या चार बाजू पाहायच्या, प्रत्येकीला १ ते ३ गुण, एकूण ४ ते १२. उपयोगी आहे, पण तीही डोळ्यांनीच द्यायची आहे, आणि प्लेट असली तर तिच्या सावलीत एक बाजू झाकलीच जाते. हाड जुळलंच नाही हे ठरवायला अमेरिकेच्या एफडीएची जी व्याख्या वर्षानुवर्षं वापरात आहे ती तर नऊ महिने मागते: नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती दिसली नाही, तर. नऊ महिने! हातावर पोट असलेल्या माणसाचं घर तेवढ्या काळात कर्जात बुडतं.

मोजलं तर काय होतं, याचा एक जुना पुरावा आहे आणि तो मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. ब्रिटनमधल्या रिचर्डसन, कनिंगहॅम, केनराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नडगी मोडलेल्या २१२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांच्या पायाला बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडात घुसवलेल्या पिनांना जोडलेली चौकट होती. पहिल्या ११७ जणांची चौकट नेहमीच्या पद्धतीनं, डॉक्टरांच्या अंदाजानं काढली. उरलेल्या ९५ जणांच्या बाबतीत हाड वाकवायला किती जोर लागतो ते मोजलं आणि एका अंशाला १५ न्यूटन-मीटर एवढा ताठरपणा आल्यावरच चौकट काढली. पहिल्या गटात आठ जणांचं हाड पुन्हा मोडलं. दुसऱ्या गटात एकाचंही नाही. यावर कुणी म्हणेल, मोजमापवाल्यांनी जास्त वाट पाहिली असेल. उलट झालं. आधाराशिवाय चालायला पहिल्या गटाला साधारण २४ आठवडे लागले, दुसऱ्याला २१.७. मोजल्यामुळे लोक लवकर चालले आणि सुरक्षित चालले.

मग ही पद्धत सगळीकडे का गेली नाही? कारण ती चौकटीपुरतीच चालते. चौकट बाहेर असते, मोजायला हात पोचतो. आज बहुतेक मोडी आतल्या रॉडनं किंवा प्लेटनं बसवल्या जातात. तिथं हात पोचत नाही. जे काही मोजायचं ते आतूनच मोजायला हवं.

आतून काय मोजायचं, याचं उत्तर बेल्जियमच्या फ्रान्झ बुर्नी यांनी दिलं होतं. मोडलेल्या हाडावर प्लेट बसवली की सुरुवातीला जवळजवळ सगळा भार प्लेट वाहते. फटीत ऊती घट्ट होत जाते तसतसं हाड आपला वाटा उचलू लागतं. पालखीला नवा भोई खांदा देऊ लागला की आधीच्या भोयाच्या खांद्यावरचं वजन उतरतं, तसं. तेव्हा हाडाकडे बघायचीही गरज नाही. प्लेट किती वाकते तेवढं पाहत राहायचं. सारख्याच पावलाला प्लेट दर आठवड्याला कमी कमी वाकू लागली, तर हाड भरतंय. वाकणं कमी होतच नसेल, तर कुठंतरी अडलंय, आणि हे नवव्या महिन्याऐवजी सुरुवातीच्या काही आठवड्यांत कळू शकतं. बुर्नींनी फिक्सेटरवर आणि प्लेटवर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवून हे प्रत्यक्ष दाखवलं.

शरीरातला भार मोजायचे इतर प्रयोगही होत आले. स्वीडनच्या निल्स रायडेल यांनी १९६० च्या दशकात दोन रुग्णांच्या खुब्याच्या कृत्रिम सांध्यात असे मापक बसवले. वायरी कातडीखाली ठेवल्या आणि काही महिन्यांनी बाहेर काढून मोजमाप घेतलं. बर्लिनमध्ये गेओर्ग बर्गमान यांच्या गटानं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वायरीच काढून टाकल्या. पायाभोवती गुंडाळीची कॉइल धरायची, तिच्यातून आतल्या उपकरणाला वीज द्यायची आणि रेडिओनं आकडे घ्यायचे. अडखळताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या आठ पटींहून जास्त भार येतो, हे या मापनांनी दाखवून दिलं. कृत्रिम सांधे बनवणारे आज बर्लिनचे हे आकडे वापरतात. पण ते प्रयोगशाळेतले आहेत. कॉइल बाजूला केली की आतलं उपकरण बंद. जिना चढताना, रानात चालताना, मध्यरात्री उठताना काय झालं ते कुणालाच कळत नाही.

बॅटरी घातली तर? तीही घातली गेली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एफडीएनं गुडघ्याच्या एका 'स्मार्ट' कृत्रिम सांध्याला मान्यता दिली. त्याच्या नडगीत जाणाऱ्या दांड्यात बॅटरी आणि हालचाल टिपणारी इलेक्ट्रॉनिक सामग्री आहे. रुग्ण किती पावलं चालला, किती वेगानं, गुडघा किती वाकला हे ती टिपते. गुडघ्याच्या दांड्यात जागा असते, म्हणून हे जमलं. नडगीवरची प्लेट जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावर फक्त कातडी असते. तिथं बॅटरीचं डबडं बसवलं तर जखम नीट मिटणं अवघड. शिवाय बॅटरी म्हणजे शरीरात रसायनं आली, त्यांना हवाबंद ठेवणारं कवच आलं, आयुष्य संपण्याची तारीख आली आणि किंमत आली. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या एओ संशोधन संस्थेनं प्लेटला जोडायचा बॅटरीवाला 'फ्रॅक्चर मॉनिटर' बनवून मेंढ्यांमध्ये तपासला आहे आणि तो प्रयत्न गंभीर आहे. तरीही काही महिन्यांपुरत्या कामासाठी एवढा संसार आत न्यावा लागतो, हे राहतंच.

मग बॅटरीशिवाय वीज कुठून आणायची? इथं जपानकडे जावं लागतं.

क्योतोचे अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या मांडीच्या हाडात अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून पाहत होते. ऋण ध्रुवाभोवती नवं हाड धरताना त्यांना दिसलं. हाडावर दाब आला की ते स्वतःच वीज निर्माण करत असावं आणि तीच त्याला वाढीची खूण देत असावी, असा त्यांचा कयास होता. त्याच काळात एइइची फुकादा हे पदार्थवैज्ञानिक लाकडात दाबजन्य वीज निर्माण होते हे दाखवत होते. काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंना विजेचा भार येतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधलं होतं. लाकूड, हाड, कंडरा अशा सजीव पदार्थांत तेच होत असेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. फुकादा आणि यासुदा यांनी वाळवलेल्या हाडाचे काटकोनी तुकडे कापले, त्यांच्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब दिला आणि १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: हाडात दाबजन्य वीज निर्माण होते आणि तिचं मूळ हाडातल्या कोलॅजनच्या तंतूंत आहे. एक सर्जन आणि एक पदार्थवैज्ञानिक एका टेबलाशी बसले म्हणून हे घडलं. पाच वर्षांनी अमेरिकेत बॅसेट आणि बेकर यांनीही भाराखालच्या हाडातली वीज मोजली.

पुढे या शोधाभोवती फार उत्साह माजला आणि तो सगळा टिकला नाही. ओल्या, जिवंत हाडात जी वीज मोजता येते तिचा मोठा भाग हाडातल्या सूक्ष्म नलिकांतून क्षारयुक्त द्रव वाहण्यातून येतो, हे नंतरच्या संशोधनात स्पष्ट झालं. पण यासुदांच्या कामातली एक गोष्ट टिकली: चालणारं हाड हे यांत्रिक आणि विद्युत अशा दोन्ही भाषांत बोलतं, आणि त्या बोलण्याला लागणारी ऊर्जा चालण्यातच असते.

ही ऊर्जा किती? चालताना नडगीच्या हाडाचा पृष्ठभाग सुमारे ४०० मायक्रोस्ट्रेननं दबतो, म्हणजे एक मीटर लांबीमागे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. प्लेटवर चिकटवलेला सिरॅमिकचा दाबविद्युत तुकडा एवढ्याशा वाकण्यातून काही व्होल्ट देऊ शकतो, पण त्यातली शक्ती वॅटच्या दशलक्षांश भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एवढ्यात प्रोसेसर चालत नाही, रेडिओ तर नाहीच. नेहमीचा अभियंता इथं म्हणतो की आधी ही वीज साठवू, पुरेशी झाली की उपकरण चालू करू. साठवायला वेळ लागतो आणि साठवताना बरीचशी वाया जाते.

शंतनु चक्रबर्ती यांनी साठवणीचा रस्ताच सोडला. ते आयआयटी दिल्लीत शिकले, मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकवत होते, आता सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आहेत. निझार लाजनेफ आणि नील एल्विन यांच्याबरोबर २००८ मध्ये त्यांनी एक चिप मांडली. तिची कल्पना इतकी स्वच्छ आहे की थोडं थांबून समजून घ्यावी अशी आहे.

पेन ड्राइव्हमध्ये माहिती टिकते ती 'फ्लोटिंग गेट'मुळे. बेल लॅबमधल्या दावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये तो शोधला. ट्रान्झिस्टरच्या आत वाहक पदार्थाचा एक तुकडा चहूबाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडच्या थरात बंद केलेला असतो. त्याला कुठलीच वायर जोडलेली नसते. पुरेसा वेग मिळालेला इलेक्ट्रॉन तो थर ओलांडून आत जातो आणि मग बाहेर येऊ शकत नाही. वर्षानुवर्षं तिथंच राहतो. चक्रबर्तींच्या चिपमध्ये इलेक्ट्रॉनला हा वेग दाबविद्युत तुकडाच देतो. पाऊल पडतं, प्लेट वाकते, तुकड्यात व्होल्टेज येतं, ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर मोजके इलेक्ट्रॉन थर ओलांडून अडकतात. पाऊल उचललं की सगळं शांत. पुढचं पाऊल, पुन्हा थोडे इलेक्ट्रॉन. मोजणं, बेरीज करणं आणि लिहून ठेवणं ही तिन्ही कामं एकाच क्षणी, एकाच जागी, पावलाच्या ऊर्जेवर होतात. मध्ये घड्याळ नाही, प्रोसेसर नाही, साठवण नाही.

एका चिपवर असे अनेक कप्पे असतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठेवता येते. एक कप्पा हलक्या वाकण्यालाही भरतो, दुसरा मध्यम, तिसरा फक्त जोरदार. काही आठवड्यांनी बाहेरून वाचलं की कळतं, प्लेट किती काळ किती वाकली. सुरुवातीला जोरदार वाकण्याचे कप्पे भराभर भरतात. हाड आपला वाटा उचलू लागलं की ते भरणं मंदावतं आणि नोंद हलक्या कप्प्यांकडे सरकते. हे सरकणं म्हणजे हाड भरून येणं.

२०१६ मध्ये याच गटानं मांडीच्या हाडाच्या प्लेटवर ही चिप बसवून प्रयोग केला. माणसात किंवा प्राण्यात नाही, तर नमुन्यात: मोडीच्या फटीत आधी अगदी मऊ पदार्थ भरला, मग त्याहून घट्ट, मग आणखी घट्ट, आणि प्रत्येक वेळी भार देत राहिले. चिपमधल्या नोंदीवरून फटीत काय भरलंय ते वेगळं ओळखता आलं. एका माणसाचं हाड जुळायला लागतो तेवढ्या काळाची नोंद ती ठेवू शकते, हेही त्यांनी दाखवलं. एक्स-रे त्या त्या दिवसाचं चित्र देतो. दोन चित्रांच्या मधल्या दिवसांचा इतिहास या चिपकडे असतो. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. डॉक्टरांना आज जे दिसत नाही ते नेमकं हेच, दोन भेटींच्या मधलं.

हीच चिप पुलावरही बसली आहे. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांना जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा मॅकिनॉ पूल १९५७ मध्ये, म्हणजे फुकादा-यासुदांचा निबंध आला त्याच वर्षी, वाहतुकीला खुला झाला. त्याच्या पोलादाचा थकवा नोंदवायला चक्रबर्ती आणि लाजनेफ यांनी हे सेन्सर तिथं लावले. वाहनांच्या हादऱ्यांवर ते चालतात. हे क्षेत्र निम्मं स्थापत्य अभियंत्यांचं आहे, याचं डॉक्टरांना कधी कधी नवल वाटतं. मला ते स्वाभाविक वाटतं: भार वाहता वाहता ज्याची झीज किंवा भर होते अशा वस्तूचा अभ्यास हे अभियंते पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

पिट्सबर्ग विद्यापीठाचे आमिर अलावी हेही स्थापत्य अभियांत्रिकी विभागातलेच. त्यांच्या गटानं २०२२ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी सेन्सर प्लेटला चिकटवला नाही. इम्प्लांटच सेन्सर केलं. पाठीच्या मणक्यांच्या फ्यूजनमध्ये दोन मणक्यांच्या मधली चकती काढून तिथं छोटा पिंजरा बसवतात आणि दोन्ही मणके एकमेकांना जुळावेत अशी अपेक्षा असते. अलावींचा पिंजरा वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांचा आहे. दाब आला की हे थर एकमेकांना भिडतात, सुटले की दूर होतात, आणि या स्पर्शातूनच वीज तयार होते. दोन पदार्थ एकमेकांना लागले की विजेचा भार एकावरून दुसऱ्यावर जातो, या जुन्या गोष्टीतून वीज मिळवायचं आधुनिक तंत्र झोंग लिन वांग यांच्या गटानं अमेरिकेतल्या जॉर्जियात २०१२ मध्ये पुढे आणलं. पिंजऱ्यावर भार जास्त तेवढं व्होल्टेज जास्त. मणके जुळत आले की भार हाड घेतं, पिंजऱ्याचं व्होल्टेज उतरतं. वेगळी बॅटरी नाही, वेगळं सर्किट नाही, आणि पिंजरा त्या रुग्णाच्या मापानं छापून घेता येतो. मणक्यांचं जुळणं साध्या एक्स-रेवर ओळखणं फार कठीण असतं, त्यामुळे सीटी स्कॅन करावा लागतो. इथं या पिंजऱ्याची गरज खरीच आहे.

विरघळणाऱ्या उपकरणांचंही काम चालू आहे. कनेक्टिकट विद्यापीठातल्या थान न्युएन यांच्या गटानं २०१८ मध्ये टाक्यांच्या दोऱ्यासाठी वापरतात त्या पॉलिलॅक्टिक आम्लापासून दाब मोजणारा सेन्सर बनवला, जो काम संपल्यावर शरीरातच जिरून जातो. विस्कॉन्सिनमध्ये शुडोंग वांग यांच्या गटानं २०२१ मध्ये उंदरांच्या नडगीवर असं उपकरण बसवलं, जे हालचालीतून सुमारे चार व्होल्ट तयार करून ते मोडीला देतं; सहा आठवड्यांत हाडं जुळली आणि उपकरण विरघळलं. उंदराचं हाड माणसाच्या हाडापेक्षा कितीतरी झटपट जुळतं, त्यामुळे त्यावरून माणसाबद्दल बोलणं घाईचं होईल. हाडाला बाहेरून उत्तेजन देणारे उपाय मोठ्या चाचण्यांत आपटलेले आहेत. अल्ट्रासाउंडनं मोड लवकर जुळते ही समजूत २०१६ च्या मोठ्या चाचणीनं खोटी ठरवली. म्हणून उत्तेजनापेक्षा मोजमापावर माझा भरवसा जास्त आहे.

पण मोजमापातही खाचाखोचा आहेत, आणि त्या प्रयोगशाळेत नीट दिसत नाहीत. प्लेटचं वाकणं कमी झालं म्हणजे हाड भरलं, असं आपण म्हणतो. स्क्रू सैल झाला तरी प्लेटचं वाकणं कमी होतं. रुग्ण भीतीनं पाय टेकवतच नसेल तरी कमी होतं. तिन्ही वेळी एकाच जागचा सेन्सर एकच गोष्ट सांगेल आणि त्यातली दोन उत्तरं धोक्याची आहेत. त्यामुळे प्लेटवर एकाहून जास्त जागी सेन्सर हवेत आणि सोबत रुग्ण किती चालला याची वेगळी नोंद हवी. चालण्यावर चालणाऱ्या उपकरणाची मर्यादाच ही आहे की अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल ते गप्प राहतं, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावावा लागतो. शिवाय सर्वांत चांगल्या दाबविद्युत सिरॅमिकमध्ये शिसं असतं. ते ऊतीपासून पूर्णपणे बंद ठेवावं लागतं, आणि प्रत्येक कवचाबरोबर जंतुसंसर्गाला लपायला एक फट मिळायची शक्यता येते. पाच वर्षांनी त्याच रुग्णाला एमआरआय करावा लागला तर काय, हाही प्रश्न आहेच.

हे सगळं आपल्याला कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी २०२२ चे आकडे दाखवेन. त्या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले. १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली, आणि मेलेल्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४ टक्क्यांच्या वर होता. जे वाचले त्यांच्यातल्या असंख्यांच्या पायात आज रॉड किंवा प्लेट आहे. त्यांचं घर जिल्ह्याच्या रुग्णालयापासून दोन एसटी बदलून जावं लागेल एवढं लांब असतं. तीन आठवड्यांनी या म्हटलं की ते तीन महिन्यांनी येतात, आणि मधल्या काळात पाय केव्हा टेकवायचा हे शेजारी, हाडवैद्य आणि घरातली गरज ठरवते. पुण्या-मुंबईत दर महिन्याला एक्स-रे काढू शकणाऱ्या माणसापेक्षा मधल्या काळाची नोंद ठेवणाऱ्या प्लेटची गरज या माणसाला जास्त आहे. म्हणून बॅटरी नसणं ही इथं चैन नाही. चिप ही छापून निघणारी वस्तू आहे. संख्या वाढली की स्वस्त होते. बॅटरी, कवच, रेडिओ आणि दूरच्या सर्व्हरची वर्गणी हे तितकं स्वस्त होत नाही.

आणि नोंद कुणाची? हे आधीच ठरवायला हवं. आपल्याकडे १९२३ पासून कामगाराला नुकसानभरपाईचा कायदेशीर हक्क आहे. कारखान्यात पाय मोडलेल्या कामगाराच्या प्लेटमध्ये तो किती चालला याची नोंद असेल, तर एखादा वकील उद्या न्यायालयात म्हणेल की हा सांगितल्यापेक्षा आधी चालला, म्हणून हाड जुळलं नाही, म्हणून भरपाई कमी करा. विमा कंपनीही हेच म्हणू शकते. २०२३ चा व्यक्तिगत डिजिटल माहितीचा कायदा आहे खरा, पण शरीराच्या आत बसलेल्या नोंदीबद्दल सरळ नियम हवा: ती रुग्णाची आहे, आणि त्याच्या मर्जीशिवाय उपचारापलीकडे कुणी वाचायची नाही. पोटासाठी लवकर उठलेल्या माणसाविरुद्ध त्याचंच हाड साक्षीला उभं करणं मला मान्य नाही.

शेवटी एक सुचवावंसं वाटतं, आणि ते आपल्याकडे जमण्यासारखं आहे. तरुण रुग्णांच्या प्लेट हाड जुळल्यावर पुष्कळदा काढल्या जातात; हे ऑपरेशन आपल्याकडे नेहमीचं आहे. फ्लोटिंग गेटमधला विजेचा भार वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे बाहेरून वाचण्याचं तंत्र पूर्ण तयार व्हायची वाट न पाहताही, संमती दिलेल्या थोड्या रुग्णांच्या प्लेटवर, सुरक्षिततेच्या सगळ्या चाचण्या झाल्यानंतर, ही साधी चिप बसवता येईल. उपचार नेहमीसारखेच, एक्स-रेही नेहमीसारखेच, डॉक्टरांचा निर्णयही नेहमीसारखाच. प्लेट काढल्यावर चिप टेबलावर वाचायची आणि तिची नोंद त्या रुग्णाच्या सगळ्या एक्स-रेंशेजारी मांडायची. तिथं तारखांनुसार इतिहास मिळणार नाही, पूर्ण काळाची बेरीज मिळेल. पण कुणाच्या प्लेटनं किती सोसलं आणि त्याचं हाड कसं जुळलं, हे खऱ्या माणसांत शेजारी शेजारी दिसेल. ऊस तोडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या पायांचे आकडे बर्लिनच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. ते इथंच घ्यावे लागतील. त्यासाठी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातला अस्थिविभाग आणि शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी एकत्र बसायला हवं, नैतिकता समितीची परवानगी घ्यायला हवी आणि चार-पाच वर्षं धीर धरायला हवा.